मागेही येणारं चाक

ताराआत्या नक्की कुणाची आत्या होती, हे मला आजवर कळलेलं नाही. तिनं लग्न केलं नाही. तिचे थोरले भाऊ दादाशास्त्री, त्यांची बायको लवकर गेली आणि मूलबाळ झालंच नाही. म्हणजे भाचा नाही, भाची नाही. तरी बनारसला दुर्गाघाटापासून ब्रह्मा घाटापर्यंत जेवढी म्हणून मराठी घरं आहेत त्या सगळ्यांची ती आत्या, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याचीसुद्धा आत्याच. त्या बिचाऱ्याला मराठीतला तेवढा एकच शब्द येत असे.

आमचं घर तिच्या घरासमोर. समोर म्हणजे किती समोर, तर खिडकीतून हात लांब केला की मिठाची वाटी इकडून तिकडे जाते. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. बघितलेलं आहे, आणि न बघता ऐकू आलेलंही आहे. आमच्या गल्लीत कुणाचं काही झाकून राहत नाही बाबा.

उंच, काटक बाई. फिक्या रंगाची सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न असो, श्राद्ध असो, बूट तेच. मुलींच्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घ्यायची. रोज मैदागिनच्या चौकापर्यंत पायी, तिथे एका ओळखीच्या दुकानात ठेवलेली मर्दानी सायकल काढायची आणि त्यावर टांग मारून कॉलेज गाठायचं. बनारसच्या ट्रॅफिकमध्ये साडी नेसलेली बाई मर्दानी सायकलवर! लोक वळून बघत. ही म्हणे, "बघू देत. त्या निमित्तानं धडकत तरी नाहीत."

सकाळी फुलं आणायला निघाली की परडीत कण्हेरीच्या फुलांशेजारी एक पाना असायचा. वाटेत कुणाचा नळ गळत असला, कुणाच्या दाराची कडी सैल असली, तर तो लगेच बाहेर निघे. दादांना हे मुळीच खपत नसे. ते ओरडत, "तारे, देवाच्या परडीत लोखंड?" त्यावर ती म्हणे, "विश्वकर्मा काय लाकडाच्या चमच्यानं काम करतो?" पण दुसऱ्या दिवशी परड्या दोन झालेल्या असत, आणि चार दिवसांनी पुन्हा एकच.

कुठलीही वस्तू उघडायची तर ती आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायची. निघालेला प्रत्येक तुकडा निघाला त्या क्रमानं त्यावर मांडायची, नैवेद्याचं पान वाढावं तसा. तिथून कुणी पाय टाकला तर खैर नाही. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा मी त्याला दोन थपडा मारल्या. खिडकीतून आवाज आला, "मारतोस कशाला? त्याला बोलता येत नाही म्हणून?" तीन मिनिटांत ती आमच्या स्वयंपाकघरात. मी झाकणाला हात घातला तर तिनं तो बाजूला केला आणि म्हणाली, "हात नंतर. डोळे आधी." हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी ऑफिसात फाईल उघडतानाही ते मनात म्हणतो.

एका गणेशोत्सवात कीर्तनाच्या आधी पेटीचा एक सूर अडकला. नुसता भों भों वाजत राहिला. कीर्तनकार बुवा घाम पुसत बसले. आत्यानं तिथेच, गणपतीसमोर, पेटी उघडली. दादा सोवळं नेसून आरतीला आले आणि दारातच थबकले.

"तारे, आरतीची वेळ झाली."

"पाच मिनिटं. गणपती कुठे उठून चाललाय?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत, पण थांबले. अहो, पंचक्रोशीत दादाशास्त्र्यांना थांबवणारं माणूस ते एकच.

दादा घनपाठी होते. म्हणजे काय ते आत्यानंच मला सांगितलं होतं. वेदाचा मंत्र नुसता सरळ म्हणायचा नाही. पहिला शब्द, दुसरा शब्द, मग दुसऱ्यावरून पहिल्यावर मागे, मग पुन्हा पुढे. असं पुढे-मागे, पुढे-मागे करत अख्खी संहिता. स्वर इकडचा तिकडे झालेला चालत नाही. दादांनी पन्नासएक वर्षं हे केलं आणि पाठशाळेत बसून शिकवलं. अंगानं धिप्पाड, आवाज असा की घाटावरची कबुतरं उडायची. सोवळं कडक. आत्यानं ग्रीसला हात लावला की अंघोळ केल्याशिवाय तिच्या हातचं पाणी घेत नसत. "तुझ्या सोवळ्यापायी गंगा आटायची एक दिवस," ती पुटपुटे आणि जाऊन अंघोळ करी.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, दादांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही राहिली, जरा जड झाली इतकंच. पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. मान नीट वळेना.

पाठशाळा लांब नाही. आमच्या घरापासून पिंपळापर्यंत गल्ली, पिंपळाशी जरा रुंद जागा, तिथून वळलं की पुढे पाठशाळा. वाटेत पायरी नाही. पण ते अंतर दादांना विंध्याचलाएवढं झालं. पाठशाळेतले लोक म्हणाले, आम्ही खुर्चीत बसवून उचलून नेऊ. दादा म्हणाले, "मी पालखीतला देव नाही. आणि प्रेत तर अजून झालो नाही." मग ते लोक म्हणाले, विद्यार्थी इथे येतील, पलंगाशी बसतील. त्यावर दादा म्हणाले, "वेद निजून शिकवत नाहीत."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खरंच केलं, शब्दशः. दिवसच्या दिवस. समोरच्या घरातून रोज पहाटे येणारा तो आवाज बंद झाला, तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं त्यावर उठत होतो. आत्या एका दुपारी खिडकीत येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "हा असा महिनाभर राहिला तर मरेल रे. रोगानं नाही, भिंत बघून." तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात खडूनं एक चित्र काढलं. तीन चाकी सायकल. पुढे दोन चाकं, मागे एक, रुंदी आमच्या गल्लीत मावेल एवढी. सांगाडा रिक्षा बनवणाऱ्याकडून करून घेतला. बैठक मात्र तिनं स्वतः नवारीच्या पट्टीनं विणली, कारण चामड्याच्या सीटवर दादा बसले नसते. डावीकडे ब्रेक. उजव्या पायडलला पाऊल बांधायला पट्टा.

गोम होती ती मागच्या चाकात. आपल्या साध्या सायकलला फ्री असते. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, उलटं मारलं तर नुसतं टकटक वाजतं. आत्याला ती फ्रीच नको होती. चाक फिरलं की पायडल फिरलंच पाहिजे, पायडल मागे गेलं की चाकानं मागे आलंच पाहिजे. का, तर एक म्हणजे चाक स्वतःच दादांचा लुळा पाय आपल्याबरोबर फिरवून आणेल. आणि दुसरं म्हणजे आमची गल्ली. तिच्यात तीन चाकी वळत नाही. तोंड आत करून लावायची, आणि निघताना मागे मागे पिंपळापर्यंत यायचं, तिथे वळायचं. शिवाय समोरून सांड आला, मणिकर्णिकेकडे निघालेली अंत्ययात्रा आली, तर मागे येण्यावाचून गत्यंतर नाही.

दादांचं वजन बेताचं नव्हतं, आणि चाक लहान हवं. म्हणून तिनं पोरांच्या कसरतीच्या सायकलीचा, त्या बीएमएक्सचा, हब निवडला. हब म्हणजे चाकाच्या मधला गाभा. जाड आस, भरपूर तारा. भंगारातून एक आणला. त्यावरची फ्री पिळून काढली, तिच्या जागी एक साधं दातेरी चक्र आट्यांवर पिळून बसवलं, आणि ते सुटू नये म्हणून वरून एक कडी कसली. आस सांगाड्याच्या खाचेत बसेना, म्हणून ओट्यावर बसून कानशीनं खाच मोठी केली. साखळी तिरकी पडायला लागली, तर चकत्या घालून ती सरळ आणली. दिवसभर खर्र खर्र. दादा आतून विचारत, "काय चाललंय?" ती म्हणे, "तुझी भिंत कापतेय."

एक दिवस दादांनी विचारलं, "त्या चाकात वंगण कसलं घालतेस? त्यात चरबी असते म्हणतात." मी खिडकीतून बघत होतो. तिनं सगळा हब खोलला, रॉकेलनं धुतला आणि देवघरातलं तिळाचं तेल आणलं. सगळीकडे तेच घातलं. पिळून बसवलेलं सुटू नये म्हणून आट्यांवर लावतात ती चिकट दवाईसुद्धा, कशाची असेल कोण जाणे म्हणून, तिनं पुसून टाकली.

पहिल्या दिवशी सगळी गल्ली दारात. दादा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून बसले. आत्या त्यांच्यासमोर, तोंड त्यांच्याकडे करून उभी. दादांची मान वळत नव्हती ना, त्यामुळे मागचं त्यांना दिसत नसे. ती त्यांच्या खांद्यावरून मागची गल्ली बघे आणि बसच्या कंडक्टरसारखी ओरडे, "ये... ये... ये... जरा डावीकडे... ये." ते तिच्याकडे बघत मागे जात, ती त्यांच्याकडे बघत पुढे येई. पिंपळाशी आल्यावर तिनं हात वर केला. "बस. आता वळ."

दादा वळले. पाठशाळेच्या गल्लीत शिरले. तिथे थोडा उतार आहे. आणि समोरून सांड.

दादांना ब्रेक आठवलाच नाही, त्यांनी पायडल जोरात मागे दाबलं. कट् असा आवाज झाला. कडी सुटली, दातेरी चक्र गरगर फिरून मोकळं झालं, आणि पायडल हवेत फिरायला लागलं. सायकल उतारावरून सुटली. सांडानं नुसती मान झटकली आणि बाजूनं निघून गेला, पण दादा एका घराच्या ओट्यावर आपटले. कपाळ फुटलं. भस्मावरून रक्त आलं.

उचलून घरी आणावं लागलं. जे त्यांना नको होतं नेमकं तेच. घरी आल्यावर ते म्हणाले, "तारे, आता पुरे." आणि पुन्हा भिंत.

आत्यानं वर्तमानपत्र पसरलं, हब उघडला, आणि बराच वेळ बोटावरचं तेल बघत बसली. मग उठून दादांच्या खोलीत गेली. तिचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

"दादा, दोष सायकलचा नाही. आट्याला तेल लावायचं नसतं, तिथे दवाई लागते, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. मलाही कळत होतं. पण मी तुझ्या सोवळ्याला भ्यायले."

आतून दादांचा जड आवाज.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. मग तू भांडली असतीस. आयुष्यभर भांडलीस, मरायच्या वेळेलाच भ्यायला लागलीस?"

नंतर दादांनी विचारलं ते मला अजून आठवतं. "ते मागे येताना सुटलं, होय ना?"

"हो. पुढे जाताना ते आवळत जातं. मागे येताना उलगडतं."

"आमच्याकडेही तसंच. पुढे सगळेच म्हणतात. मागे येताना जो सुटला, तो घनपाठी नव्हे." मग म्हणाले, "न सुटणारं कर. काय लावायचं ते लाव. मी घरी आल्यावर अंघोळ करीन."

त्याच संध्याकाळी ती आमच्या जिन्याखाली उभी होती. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्याची बीएमएक्स तिथे धूळ खात होती. चांगली होती, महागाची. आत्यानं मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हे दे." मी कोण नाही म्हणणार?

या हबची रचना वेगळी होती. दातेरी चक्र आट्यांवर नव्हतंच, ते खाचांमध्ये बसत होतं. त्यामुळे ते पिळून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रीचं काम आतल्या तीन छोट्या जिभा करत. आत्यानं त्या जिभा आणि त्यांच्या स्प्रिंगा काढून टाकल्या. मग आतला भाग आणि बाहेरचं कवच यांच्या आरपार भोकं पाडून त्यात पोलादी पिना ठोकायच्या ठरवल्या, की दोन्ही मिळून एकच व्हावं. लोहटिया बाजारातल्या खराद्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, मी तिच्याबरोबर गेलो होतो. त्यानं हब उलटासुलटा केला आणि डोक्याला हात लावला.

"माताजी, लोग जाम खुलवाने आते हैं, आप अच्छा-खासा फ्री जाम करवाने आई हैं?"

"हाँ भैया. ऐसा जाम करो कि मेरे बाद भी न खुले."

खराद्याला ते ऐकवलं नाही. "शुभ-शुभ बोलिए," तो म्हणाला आणि मशीनपाशी वळला. भोकं पाडली, पिना ठोकल्या. घरी येऊन आत्यानं त्यात बाजारचं ग्रीस भरलं, अगदी दादांच्या डोळ्यांदेखत, आणि सायकल उलटी टांगून तासभर चाक पुढे-मागे, पुढे-मागे करत बसली. दादा पलंगावरून बघत होते. भिंतीकडे नव्हे, चाकाकडे.

त्यानंतर दोन वर्षं दादाशास्त्री रोज पाठशाळेत गेले. रोज सकाळी गल्लीत तो आवाज यायचा, "ये... ये... जरा डावीकडे... ये." आमच्याकडे कुकरची शिट्टी आणि हा आवाज यांवर घड्याळ चालायचं. कधी सांड आला, कधी अंत्ययात्रा आली, सायकल निमूट मागे यायची. एकदा दोन्ही एकदम आले, तेव्हा आत्या सांडावर जी काही ओरडली, ती भाषा काही फिजिक्सची नव्हती. दादांचा लुळा पाय चाकाबरोबर फिरून फिरून थोडा जागाही झाला. पहाटेचा आवाज परत आला. पहिल्यासारखा नाही, पण आला. मी पुन्हा त्यावर उठायला लागलो.

गेल्या माघात, सकाळी, आत्यानं चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यावर येऊन बुटांची नाडी बांधायला वाकली. ती वाकलेलीच राहिली. एका बुटाची नाडी बांधून झाली होती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. माणसं जमली, बांबू आले. प्रश्न आला विस्तवाचं मडकं धरून पुढे कुणी चालायचं. पाठशाळेतले एक गुरुजी हळूच म्हणाले, शास्त्रीबुवांना हे झेपणार नाही, दुसरं कुणी धरावं. दादा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "मी जाणार. माझ्या पायांनी जाणार."

कुणीतरी म्हणालं, अंत्ययात्रेत सायकल, कसं दिसेल?

"ती चाकं तिनं केली आहेत," दादा म्हणाले.

सायकल नेहमीसारखी तोंड आत करून उभी होती. दादांना बसवलं. शिंक्यात ठेवलेलं मडकं पुढे मुठीला बांधलं. आम्ही आत्याला उचललं. पुढच्या दांड्याला मी होतो. तिचा चेहरा उघडा होता. पायांत बूट नव्हते, ते मला फार चुकल्यासारखं वाटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. गल्लीत सायकल वळत नाही. दादांना मागे मागेच जावं लागणार होतं, आणि तिला त्यांच्यामागून यावं लागणार होतं. समोरासमोर. रोजच्यासारखं.

दादांनी पायडल मागे दाबलं. चाक फिरलं. ते तिच्याकडे बघत मागे जात होते आणि ती त्यांच्याकडे येत होती. "ये, ये" म्हणणारं कुणी नव्हतं. मला म्हणायचं होतं, पण मी म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. रामनामसुद्धा अजून कुणी सुरू केलं नव्हतं. मडक्यातला धूर मधून वर जात होता, आणि सायकल एकदाही भिंतीला घासली नाही. डावीकडे घ्यायचं तिथे डावीकडे आली. चाकातून टकटक नाही, कट् नाही.

पिंपळाशी जागा आली तेव्हा दादा थांबले. आम्हीही थांबलो, खांद्यावर तिला घेऊन. इथे ती हात वर करत असे. दादा वाट बघत राहिले. मागून कुणीतरी कुजबुजलं, शास्त्रीबुवा, उशीर होतोय. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मग दादांनी डावा हात वर केला, तिच्यासारखा.

"बस, तारे," ते म्हणाले. "आता वळतो."